धर्मादाय खाते आणि घरातले मांजर

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या ऐन मध्यावर धान्याची एक जुनी पेढी आहे. खाली पेढी, मागे गोदाम, वर राहते घर आणि घरावर गच्ची. गच्चीच्या कठड्यालगत मातीची दोन परळे असतात. एकात पाणी, दुसऱ्यात बाजरी आणि तांदळाची कणी. हा क्रम त्या घरात तीन पिढ्यांचा. दिवाळीला नव्या वहीचे पूजन झाले की धर्मादाय खात्यात 'पाखरांचे दाणे' म्हणून एक रक्कम पहिल्याच पानावर पडते. हिशेब संगणकावर गेले, मुनीम बदलले, बाजरीचा भाव कुठल्या कुठे गेला. ते खाते मात्र मोडले नाही.

त्याच घरात दोन वर्षांपूर्वी एक मांजर आले. उंदरांसाठी कोणी ते मुद्दाम आणलेले नव्हते. आषाढातल्या एका संध्याकाळी शाळेतून परतताना नातीने गटाराच्या कडेला भिजून कुडकुडणारे पिल्लू उचलून आणले आणि आजोबांनी ते ठेवू दिले. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही, त्या घरात ते पिल्लू पुन्हा रस्त्यावर नेऊन ठेवणे कोणाला सुचणार? दूध-पोळी खाऊन ते वाढले, पेढीच्या गादीवर लोडाला टेकून झोपू लागले आणि गच्चीचे दार त्याच्यासाठी दिवसभर उघडे राहू लागले.

यंदा वैशाखात गच्चीवरच्या मोगऱ्याच्या दाट कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. नातीने लांबूनच तीन अंडी मोजली, पुढे तीन उघड्या चोची मोजल्या. मग एका सकाळी घरटे रिकामे दिसले. पिल्ले उडाली या आनंदात ती गच्चीभर फिरली आणि पाण्याच्या टाकीमागे तिला पिसे सापडली. ती वेचताना तिच्या ध्यानात आले की खाली जुनी पिसेही आहेत. चिमणीची तपकिरी, साळुंकीचे एक काळे-पांढरे, सूर्यपक्ष्याचे जांभळ्या चमकेचे इवलेसे, आणि खारीच्या शेपटीचा वाळलेला तुकडा. ती सगळी ओंजळ घेऊन ती पेढीवर आली आणि गिऱ्हाइकांसमोरच तिने विचारले, "आजोबा, आपण दाणे नक्की कोणासाठी टाकतो?"

या प्रश्नावर घरात जे बोलणे झाले, ते मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांत होत असते. काकांचे म्हणणे, मांजराचा तो स्वभावच आहे, त्याला कोण काय करणार. आजींचे म्हणणे, त्याला दूध कमी पडत असेल, पोट भरले की ते कशाला मारील. मुलीचे वडील म्हणाले, दोन वर्षांत ते तोंडात पाखरू धरून एक-दोनदाच दिसले. एवढ्याने काय होते. तिन्ही बोलणी प्रामाणिक होती. म्हणूनच ती तपासून पाहण्यासारखी आहेत.

आजींच्या म्हणण्यापासून आरंभ करावा. मांजराची भूक आणि मांजराची शिकार या एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधलेल्या गोष्टी नाहीत. लहान सावज मिळवून जगणाऱ्या प्राण्याला प्रत्येक झडपेत यश येत नाही. म्हणून भूक लागेपर्यंत थांबणे त्याला परवडत नाही आणि संधी समोर आली की ते झडप घालते. पोट भरलेले मांजरही मारते, केवळ खात नाही इतकेच. वाटीभर दूध अधिक दिल्याने पाखरू वाचत नाही.

वडिलांचे म्हणणे हिशेबाचे आहे, त्यामुळे त्याचे उत्तरही हिशेबातच आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स या गावी संशोधकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधून ती बाहेर काय करतात हे पाहिले. सुमारे ४४ टक्के मांजरे शिकार करताना दिसली. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्यांनी मारलेल्या जिवांपैकी घरी आणले गेले ते जेमतेम पाव हिस्सा. जवळपास निम्मे जीव जेथे मारले तेथेच टाकून दिलेले होते आणि उरलेले खाल्ले गेले होते. म्हणजे उंबरठ्यावर एक पाखरू दिसले तर न दिसलेली आणखी तीन धरावी लागतात. दारात येईल तेवढीच नोंद करणाऱ्या कारकुनाचा ताळेबंद कधी जुळत नाही. शिवाय मांजराच्या तोंडातून सोडवलेले पाखरू वाचले असे समजून आपण निश्चिंत होतो, तेही बहुधा खरे नसते. मांजराच्या लाळेतले जंतू दाताच्या सुईएवढ्या जखमेतून आत शिरतात आणि वेळीच औषध न मिळाल्यास ते पाखरू एक-दोन दिवसांत कोठेतरी झुडपात मरून पडते.

राहता राहिले काकांचे म्हणणे. स्वभावापुढे इलाज नाही हे मांजरापुरते खरे आहे. माणसापुरते ते खरे आहे काय, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर, दक्षिण गोलार्धातल्या एका लहानशा बेटावर जावे लागेल.

न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण या दोन मोठ्या बेटांमध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. तिच्यात स्टीफन्स नावाचे एक खडकाळ बेट आहे. क्षेत्रफळ अवघे १५० हेक्टर, म्हणजे पावणेचारशे एकरांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाच्या शिवारापेक्षाही कमी. १८९४ साली तेथे दीपगृह सुरू झाले आणि दिव्याची राखण करणारी काही कुटुंबे बेटावर राहायला आली. त्यांच्यासोबत मांजरही आले. डेव्हिड लायल हे दीपगृहातील साहाय्यक रखवालदार होते आणि त्यांना पाखरांची आवड होती. मांजराने आणून टाकलेल्या मेलेल्या पाखरांत त्यांना एक अनोळखी पाखरू दिसू लागले. ते चिमणीपेक्षा लहान आणि ऑलिव्ह-तपकिरी रंगाचे होते, आणि त्याचे पंख उडण्याच्या कामाचे नव्हते. लायल यांनी ते जिवंत दोनदाच पाहिले. ते उडाले नाही, दगडांतून उंदरासारखे पळाले, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे.

लायल यांनी ही मृत पाखरे जपून ठेवली आणि ती जाणकारांकडे पोचली. काही न्यूझीलंडमधील पक्षिशास्त्रज्ञ वॉल्टर बुलर यांच्याकडे गेली, काही हेन्री ट्रॅव्हर्स या व्यापाऱ्यामार्फत इंग्लंडात वॉल्टर रॉथशिल्ड यांच्याकडे गेली. रॉथशिल्ड हे बँकिंगच्या जगप्रसिद्ध घराण्यातले. त्यांचा सारा जीव मात्र पाखरांच्या संग्रहात गुंतलेला. डिसेंबर १८९४ मध्ये रॉथशिल्ड यांनी या पाखराला शास्त्रीय नाव दिले. त्या नावात ट्रॅव्हर्स आणि लायल या दोघांचीही स्मृती गुंफलेली आहे. एका नवीन जातीचा शोध लागल्याचा आनंद साजरा व्हावा, तोवर बेटावरून पाखरे येणेच बंद झाले. त्या जातीचे आज जे काही उरले आहे, ते जगभरच्या संग्रहालयांतील पंधरा-वीस मृत नमुने. एके काळी हे पाखरू मुख्य बेटांवरही होते, हे तेथे सापडलेल्या हाडांवरून कळते. माणसासोबत आलेल्या उंदरांनी तेथून ते आधीच संपवले होते. समुद्राने वेढलेले हे पावणेचारशे एकर म्हणजे त्याचे शेवटचे आश्रयस्थान होते.

पुढे लोकांच्या तोंडी अशी कथा झाली की एकाच मांजराने एक संपूर्ण जात संपवली. कथा चटकदार असली तरी पूर्ण खरी नाही. २००४ मध्ये संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की बेटावर मांजरांची वीण झाली होती आणि मोकळ्या सुटलेल्या मांजरांनी मिळून हे काम केले. ती सारी मांजरे तेथून नाहीशी करायला १९२५ साल उजाडावे लागले. पण या प्रकरणातील सर्वांत बोलका कागद मार्च १८९५ चा आहे. ख्राइस्टचर्चच्या 'द प्रेस' या दैनिकाने तेव्हाच सुचवले होते की अशा बेटांवर जाणाऱ्या रखवालदारांना मांजर नेऊ देऊ नये, मग त्यांच्यासाठी उंदरांचे सापळे सरकारी खर्चाने पुरवावे लागले तरी चालतील. सापळ्यांची किंमत ती कितीशी? तेवढी तजवीज वेळेवर झाली नाही, आणि गेलेली वस्तू कोणत्याही किमतीला परत मिळणारी नव्हती.

मांजराने तेथे स्वभावाप्रमाणेच वर्तन केले. त्याला होडीत घालून बेटावर आणणारा आणि दार उघडे ठेवणारा मात्र माणूस होता.

आता कोणी म्हणेल की ती बेटाची गोष्ट झाली, आपल्याकडे मांजर आणि चिमणी शेकडो वर्षे एकाच छपराखाली नांदत आली. या म्हणण्यात तथ्य आहे. भारतातील पाखरांनी रानमांजर, मुंगूस, साप, शिकरा अशा शत्रूंच्या सहवासातच आपली शहाणीव मिळवली आहे. बेटावरच्या पाखरासारखी ती भोळी नाहीत. पण पूर्वीचे गाव आणि आजचे गाव एक नाही. पूर्वी परसात आड होता, शेवग्याचे झाड होते, बाभळीचे कुंपण होते. घरटे करायला जागा शोधावी लागत नसे. आज त्याच पाखराला चार कुंड्यांची गॅलरी आणि सोसायटीच्या आवारातील दोन झाडे एवढाच आसरा आहे. बुलबुल माणसाच्या उंचीच्या झुडपात घरटे करतो, शिंपी पक्षी पाने शिवून जमिनीपासून हातभर अंतरावर, दयाळ भिंतीच्या भोकात. आणि घरी खाऊन-पिऊन बाहेर फिरणाऱ्या मांजराला रानातल्या शिकारी प्राण्यावर असते ते बंधन नसते. रानात सावज घटले की शिकारीही घटतात. पाळीव मांजराची वाटी मात्र पाखरे संपली तरी भरलेलीच राहते, त्यामुळे शेवटच्या घरट्यापर्यंत ते पोचू शकते.

यात पिल्लांचे मरण अधिक. बुलबुलाचे पिल्लू घरट्यातून बाहेर पडते तेव्हा त्याला नीट उडता येत नसते. काही दिवस ते जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवर असते आणि आई-बाप तेथे येऊन त्याला भरवतात. पोरके समजून दयाळू माणसे त्याला उचलून घरी आणतात, ती एक चूकच. पण मोकळ्या मांजरापुढे त्या चार-पाच दिवसांत त्याचा निभाव लागणे कठीण.

देशोदेशींचे आकडे पाहिले तर मन दडपते. अमेरिकेविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असा अंदाज बांधला आहे की तेथे मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पाखरे मारतात. उंदीर, खारी आदी लहान सस्तन प्राण्यांचा आकडा याच्या कितीतरी पट. यातील बहुतांश मृत्यू मालक नसलेल्या मांजरांकडून होतात, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण आज मालक नसलेली मांजरे आली कोठून? कोणाच्या तरी घरून सुटलेल्या, नसबंदी न झालेल्या मांजरीची ती संतती असते.

काही ठिकाणच्या शासनांनी आता कायद्याची वाट धरली आहे. जर्मनीतील वॉल्डॉर्फ या गावाच्या परिसरात तुऱ्याच्या चंडोलाच्या मोजक्याच जोड्या उरल्या. तेव्हा २०२२ मध्ये प्रशासनाने आदेश काढला की विणीच्या काळात, ऑगस्टअखेरपर्यंत, तेथील मांजरे घरातच ठेवावीत. बाहेर न्यायचेच असेल तर दोरी बांधून. मांजर मोकळे आढळल्यास ५०० युरो दंड आणि त्याने चंडोल मारल्यास ५०,००० युरोंपर्यंत. गावात अर्थातच गदारोळ झाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीने, कॅनबेराने, अधिक सावकाश पावले टाकली. अभयारण्यालगतच्या फोर्ड आणि बॉनर या वसाहतींत २००५ पासूनच मांजर बंदिस्त ठेवण्याचा नियम होता. पुढे १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मांजरास तो साऱ्या प्रदेशात लागू झाला. जुन्या मांजरांची सवय मोडू नये आणि नव्यांना ती लागूच नये, ही त्यातली युक्ती व्यवहारी आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण कायद्याने सांगितल्यावरच जीवदया करावी, अशी आपल्या घरांची रीत कधी नव्हती.

उलट आपल्या शास्त्राने हा प्रश्न कायद्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे. हिंसा केवळ स्वतः केलेली नसते. करविलेली आणि अनुमोदिलेलीही असते. कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपल्या घरातले मूलही पाठशाळेत ऐकते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडताना ज्या प्राण्यांची नावे घेतली त्यांत मांजर आहे. तेथे रोख धनासाठी पाळण्यावर आहे, हे खरे; पावसात भिजलेल्या पिल्लाला आसरा देणारा त्या व्याख्येत बसत नाही. पण गोदामातले उंदीर मारावेत म्हणून मांजर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने क्षणभर थांबावे. तेथे मारणारे मांजर असले तरी नेमणूक मालकाची असते. बँकेत जामीनदार नेहमी म्हणतो की कर्ज मी घेतले नाही. बँक त्याला सही दाखवते. उघडे ठेवलेले दार ही तशीच सही आहे.

गोदामापुरता उपाय फारसा अवघडही नाही. घरातला लहान उंदीर करंगळीही जाणार नाही अशा, सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. म्हणून दाराखालची फट पत्र्याने, नळाच्या भोवतीची भोके सिमेंट व जाळीने बुजवावी लागतात. पोती जमिनीवर न रचता फळ्यांवर रचावी, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे मागे झाडता येते आणि बिळाला आडोसा मिळत नाही. सांडलेले धान्य रात्री तसेच राहू देऊ नये. एवढे करूनही एखादा आला तर पिंजरा आहेच. हे काम मांजर ठेवण्यापेक्षा कष्टाचे आहे, यात शंका नाही.

याहून अवघड प्रश्न स्वयंपाकघराचा आहे आणि त्याविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही. मांजर हा शरीररचनेनेच मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरी-वरणावर बराच काळ तग धरतो. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याला आहारातून मिळावाच लागतो, तो वनस्पतीत जवळजवळ नसतो, आणि तो न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हृदय दुबळे होऊन फुगते. गाजर-भोपळ्यातून 'अ' जीवनसत्त्व तयार करणे माणसाला जमते, मांजराला जमत नाही. मोठ्या मांजरांपैकी कित्येकांना दूधसुद्धा पचत नाही. तेव्हा दूध-पोळीवर वाढलेले मांजर बाहेर जाऊन काय करते, हे उघड आहे. आपले ताट शुद्ध राहते, आपले भांडे विटाळत नाही, आणि त्याच्या आहाराचा उरलेला हिस्सा शेजारच्या बागेतून वसूल होतो. ताळेबंदात न दाखवलेले देणे नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या माथी बसते.

म्हणून ज्या घरात मांजराचे खरे अन्न आणणे मनाला कदापि पटणार नाही, त्या घराने मांजर पाळायला घेऊ नये, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ससा किंवा गाय ही करुणेला कमी पात्र नाहीत. भिजलेले पिल्लू दिसले तर त्याला उचलावे, कोरडे करावे, पशुवैद्याकडे न्यावे आणि जे घर त्याला योग्य आहार देईल तेथे पोचवावे. त्यात दयेची उणीव होत नाही. आणि जे मांजर आधीच घरचे झाले आहे, त्याच्या आहाराविषयी पशुवैद्याशी बोलून निर्णय करावा. कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यात टॉरिन वेगळे मिसळलेले असते. घरच्या दूधभातात ते नसते. या निर्णयात प्रत्येक घराची रेषा वेगळी पडेल. पण निर्णय न घेता दार उघडे ठेवणे हाही एक निर्णयच असतो.

दार लावायचे ठरले की पहिली शंका येते ती कैदेची. मोकळ्या जिवाला कोंडणे हीच हिंसा नव्हे काय? शंका रास्त आहे. केवळ दार लावून मांजराला विसरून जाणे खरोखरच क्रूरपणाचे होईल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो मांजरांवर केलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. बाहेर जाणाऱ्या मांजराला रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून मनसोक्त झडपा घालू दिल्या, तर त्याने घरी आणलेल्या सावजांत २५ टक्के घट झाली. भरपूर मांसप्रथिने असलेला आहार दिल्यावर ३६ टक्के. म्हणजे त्याला हवे असते ते खेळणे आणि पोषण. दोन्ही घरात देता येते. याच अभ्यासात घंटेने मात्र काही ठळक फरक पडला नाही. त्याआधीच्या काही पाहण्यांत थोडा पडला होता, तरी भरवसा ठेवावा असा तो उपाय नव्हे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, याची चिंता उंदरांनी उगाच इतकी वर्षे वाहिली.

पिल्लू लहान असतानाच घरात राहिले तर त्याला बाहेरची आठवणच नसते. मोठ्या मांजराला दोन-तीन आठवडे लागतात; ते दाराशी ओरडते, आणि घरचे लोक तिसऱ्या दिवशी विरघळून दार उघडतात. एकदा उघडले की ओरडल्याने दार उघडते हा धडा त्याला मिळतो. त्यापेक्षा आधी संध्याकाळपासून सकाळ उजाडून बराच वेळ होईपर्यंत आत ठेवावे, कारण तिन्हीसांज आणि पहाट याच त्याच्या शिकारीच्या वेळा. मग हळूहळू दिवसही आत घ्यावा. रात्रीचे खाणे ठरल्या वेळी द्यावे, म्हणजे ते आपण होऊन आत येते. मांजराला लांबीपेक्षा उंची प्रिय असते. कपाटावर चढण्याची वाट आणि खिडकीशी बसायची फळी एवढ्याने त्याचे घर दुप्पट होते. नखे घासायला लाकडाच्या खांबाला सुतळी गुंडाळावी. सुतळी आणि पुठ्ठ्याची खोकी यांचा तर व्यापाऱ्याच्या घरात तोटाच नसतो. वाळूचे घमेले रोज साफ व्हावे. घरात गर्भवती स्त्री असेल तर ते काम दुसऱ्याने करावे, कारण मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बाधा गर्भाला होऊ शकते. शिकार न करणाऱ्या, कच्चे मांस न खाणाऱ्या मांजराकडून हा धोका पुष्कळ कमी होतो. नसबंदी आणि लसी यांविषयी दुमत नको. खिडकीला आणि गॅलरीला घट्ट जाळी हवीच. उंच इमारतींतून मांजरे पडतात, आणि ती पायांवर उतरतात म्हणून त्यांना काही होत नाही हा गैरसमज आहे. बाहेरच्या मांजराला गाडी, कुत्रे, आजार, मारामारी यांचेही भय असतेच. दार लावल्याने केवळ बुलबुलच वाचतो असे नाही.

त्या पेढीवरच्या घरात आजोबांनी नातीला लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गच्चीवर जाऊन दोन्ही परळे पालथी घातली. घरात सगळे चपापले. तीन पिढ्यांत असे झाले नव्हते. "बाळा, एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने दार उघडायचे, हे आता नको. दार आधी बंद होऊ दे," एवढेच ते म्हणाले. गावातल्या फॅब्रिकेटरला बोलावून मागच्या गॅलरीची मापे दिली गेली. गच्चीच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग लागली. मांजर आठ दिवस ओरडले. आजींनी दोनदा दार उघडण्यासाठी हात पुढे केला आणि दोन्ही वेळा नातीने तो धरला. पशुवैद्य येऊन गेले, त्यांच्याशी आजोबांचे बंद खोलीत बरेच बोलणे झाले, आणि त्यानंतर मांजराच्या खाण्याचे पाकीट गोदामातल्या वेगळ्या कपाटात ठेवले जाऊ लागले.

जाळी बसली त्या दिवशी परळे पुन्हा उलथी झाली, पण कठड्यापासून दूर, उघड्यावर, जेथे आजूबाजूला दबा धरायला कुंडी नाही अशा जागी. शेजारची दोन मांजरे गच्चीवर येतात हे नातीच्या ध्यानात होते. मांजर आता जाळीआड फळीवर बसून समोरच्या चिमण्यांकडे पाहत दात कटकटवते.

महिनाअखेरीस जाळीचे बिल आले तेव्हा मुनीमजींनी विचारले, ही रक्कम 'पाखरांचे दाणे' याच्याच खाली, धर्मादायात घालू का. आजोबांनी चष्मा पुसला, बिल पुन्हा एकदा पाहिले आणि सांगितले, "नाही. मांजर आपल्या घरचे आहे. घरखर्चात टाका."